वाघाने काढलेले स्वतःचे छायाचित्र

डिसेंबर २०२४ च्या आरंभी आमच्या अमौसीच्या वस्तीत वार्ता येऊन पोचली की, काकोरीच्या बाजूला रहमानखेडा येथे वाघ आला आहे. अमौसी म्हणजे लखनौचा विमानतळ, कानपूरकडे धावणारी सडक, कारखान्यांची धुराडी आणि २०१९ पासून मेट्रोचे एक स्थानक. अशा गावी वाघाची वार्ता ऐकून प्रथम हसूच आले. परंतु रहमानखेडा येथून काही कोसांवरच आहे. तेथे उपोष्ण प्रदेशातील फळबागांचे संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था असून तिच्या आंब्याच्या बागा दूरवर पसरलेल्या आहेत. पाहुण्याने मुक्काम टाकला तो त्याच परिसरात. हजेरीपटावर नाव नसलेला हा एक नवा केंद्रीय कर्मचारी आला, असा विनोद आमच्या कचेरीत दोन-चार दिवस चालला. मग गावोगावची जनावरे मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि विनोद आपोआप थांबला.

ही वार्ता कऱ्हाडला आमच्या मातोश्रींपर्यंत कशी गेली कोण जाणे! त्यांचा दूरध्वनी आला. ‘‘आरं, तुमच्याकडं वाघ सुटलाय म्हणं? अंधार पडायच्या आत घरी येत जा. हितं आमच्या उसात बिबट्या रोजचाच हाय, त्याचं काय न्हाई. पर वाघ म्हंजे वाघच.’’ आम्ही त्यांना हवा तसा धीर दिला खरा. परंतु त्या आठवड्यात सायंकाळी मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतची वाट आम्ही जरा झपाझपच चाललो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

पुढे त्या वाघाचे एक छायाचित्र पाहावयास मिळाले. रात्रीची वेळ, भोवती गवत आणि आपल्याच विचारात पुढे चाललेला वाघ. छायाचित्र घेणारे माणूस तेथे कोणीच नव्हते. झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या एका लहानशा पेटीने ते आपोआप टिपले होते. वनखाते त्या पेटीला ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणते. हे यंत्र अगदी अलीकडचे, परदेशातून आयते आलेले असावे, अशी आमची समजूत होती. ती दूर झाली ती चौकातल्या नखासच्या रविवारच्या बाजारात. जुन्या वस्तूंच्या ढिगात पुठ्ठा निघालेले, वाळवीने कडा खाल्लेले एक इंग्रजी पुस्तक आम्हांस मिळाले. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’, प्रसिद्धीचे वर्ष १९२७. दुकानदाराने किंमत सांगितली, ती आम्ही निम्मी केली, आणि घरी येऊन पाहतो तो या यंत्राच्या भारतातील पूर्वेतिहासाचा मोठा भाग याच प्रांतात घडलेला! ज्या प्रांतात आपण नोकरीनिमित्त दिवस काढतो त्याच्या इतिहासातले एक पान आपणांस अगदीच ठाऊक नसावे, याची थोडी लाजही वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

चॅम्पियन यांच्या आधी हिंदुस्थानच्या जंगलात कॅमेरा नव्हता असे नाही. तो होता, परंतु त्याचे काम शिकार संपल्यावर सुरू होई. मेलेला वाघ जमिनीवर आडवा पसरलेला, त्याच्या मागे टोप्या घातलेले साहेबलोक किंवा फेटे बांधलेले संस्थानिक, बंदुका हातांत, एखाद्याचा बूट वाघाच्या मानेवर. वाघांच्या रांगा मांडून काढलेली अशी चित्रे संस्थानांच्या वाड्यांतून व क्लबांच्या भिंतींवरून अजूनही लटकत असतील. सरगुजाच्या महाराजांनी उभ्या आयुष्यात अकराशेंवर वाघ मारल्याचे सांगतात. आमच्या लखनौचे प्राणिसंग्रहालय प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनाप्रीत्यर्थ १९२१ मध्ये उभारले गेले व कित्येक दशके त्याचेच नाव मिरवीत राहिले. २०१५ मध्ये त्यास नवाब वाजिद अली शाह यांचे नाव मिळाले. तोच राजपुत्र त्याच दौऱ्यात नेपाळच्या तराईत हत्तींच्या कड्यात वाघ मारीत होता. एकीकडे पिंजऱ्यातला वाघ, दुसरीकडे मारलेला वाघ. रानात आपल्या पायांनी चालणारा, कोणाची दखल न घेणारा वाघ कसा दिसतो, हे चित्ररूपाने जगातल्या फारच थोड्यांनी पाहिले असेल.

फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांचा जन्म १८९३ चा, इंग्लंडातील सरे परगण्यातला. वडील जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन हे नाणावलेले कीटकशास्त्रज्ञ. थोरले बंधू हॅरी यांनी पुढे भारतातील व ब्रह्मदेशातील वनांचे जे वर्गीकरण १९३६ मध्ये प्रसिद्ध केले, ते वनविद्येच्या विद्यार्थ्याला आजही शिकावे लागते. म्हणजे घरात निरीक्षणाची परंपरा होती. फ्रेडरिक १९१३ मध्ये हिंदुस्थानात आले ते मात्र पोलीस खात्यात, पूर्व बंगालमध्ये. पुढे महायुद्धामुळे सैन्यात गेले आणि युद्धानंतर वनखात्यात शिरून संयुक्त प्रांतात रुजू झाले. आजचे उत्तर प्रदेश व उत्तराखंड मिळून तेव्हाचा संयुक्त प्रांत होत असे. शिवालिक टेकड्यांचा पायथा, भाबराचे दगडगोटे, सालवृक्षांची दाट रांग आणि तिच्या खालची दलदलीची, उंच गवताची तराई, हे त्यांचे कार्यक्षेत्र. काम आपल्यासारखेच सरकारी: लाकूडतोडीची कूपे आखणे, वणवे विझवणे, दौरे करणे, अहवाल धाडणे. खेळासाठी म्हणून प्राणी मारण्याचा त्यांना तिटकारा होता. वनाधिकाऱ्याने वाघ न मारणे ही त्या काळी जवळजवळ विक्षिप्तपणाची गोष्ट होती. सहकाऱ्यांच्या थट्टेचे चटके त्यांस बसलेच असतील.

वाघाचे छायाचित्र घ्यावयाचे तर अडचणी दोन. वाघ हिंडतो रात्री, आणि माणसाचा वास आला की त्या वाटेला फिरकत नाही. यावर तोड म्हणजे छायाचित्रकाराने तेथे नसणे. ही कल्पना चॅम्पियन यांची एकट्याची नव्हे. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाच्या वकील व लोकप्रतिनिधी असलेल्या गृहस्थांनी रात्री वन्य प्राण्यांची चित्रे घेण्याचे प्रयोग आधीच केले होते. १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या एका अंकात त्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आली. त्यांतली काही हरणांनी स्वतःच दोरीला धक्का देऊन काढलेली होती. परंतु अमेरिकेतील सरोवराच्या काठचे हरीण निराळे आणि भाबरातला वाघ निराळा.

चॅम्पियन यांची रीत अशी. वाघ हे जनावर आळशी नसले तरी चालण्याच्या बाबतीत सुखवस्तू आहे. काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा वनखात्याने केलेल्या मऊ धुळीच्या सडका, कोरड्या ओढ्यांचे वाळवंट, हत्तींच्या पाऊलवाटा हे त्याला आवडते. तेव्हा आधी दिवसेंदिवस ठशांचा माग घेऊन कोणता वाघ कोणत्या वाटेने जातो हे निश्चित करावयाचे. मग त्या वाटेच्या कडेला झुडपात कॅमेरा दडवावयाचा, वाटेवर बारीक तार आडवी ताणावयाची, आणि ती विद्युत्घटाला अशी जोडावयाची की, वाघाचा पाय लागताच मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट व्हावा व त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडावी. सांगावयास हे चार ओळींचे काम. करावयास घेतले म्हणजे तार किती उंचीवर ताणावी इथपासून प्रश्न. खाली ताणली तर साळिंदर अडकणार, वर ताणली तर चितळ. दव पडले की भुकटी सर्द होऊन पेटत नाही. रानहत्ती आला तर तार, पेटी सगळेच गेले. आणि सगळे यथासांग जुळले तरी एका रात्रीत चित्र एकच, कारण भुकटी एकदाच जळते. वाघाऐवजी एखादी चुकार म्हैस तेथून गेली की त्या रात्रीची मेहनत म्हशीच्या चित्रावर खर्च! दिवसा छायाचित्रे घ्यावयाची तेव्हा ते हत्तीच्या पाठीवर बसून घेत. हत्तीच्या पाठीवरचा माणूस वन्य प्राण्यांना हत्तीचाच भाग वाटतो, या अनुभवाचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

कित्येक वर्षे हे अपयश पचविल्यावर वाघ त्या तारेवर आला. ऑक्टोबर १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने चॅम्पियन यांची व्याघ्रचित्रे मुखपृष्ठावर झळकवली, आणि आपल्या निवासस्थानी मोकळेपणी फिरणाऱ्या वाघाचे हे पहिलेच दर्शन म्हणून त्यांचा गौरव केला. त्यानंतर १९२७ चे हे पुस्तक, व १९३४ मध्ये दुसरे, ‘द जंगल इन सनलाइट अँड शॅडो’. त्यांत वाघाबरोबर बिबटे आहेत, अस्वले आहेत, शिकाऱ्यांनी कधी ढुंकूनही न पाहिलेली लहानसहान निशाचर जनावरे आहेत. आमच्या हाती आलेल्या प्रतीतली चित्रे पिवळी पडली आहेत. तरी त्यांतला एक वाघ पाहताना आपण त्याच्या वाटेत उभे आहोत असे वाटून मन क्षणभर दचकते. तो रागावलेला नाही, झेप घेत नाही, नुसता चालला आहे. शिकारकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीला चालणारा वाघ पाहण्याची सवय नव्हती, हे त्या दिवशी लक्षात आले.

परंतु आमच्या मते चॅम्पियन यांची खरी कामगिरी याहून वेगळी आहे. पुष्कळ चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसले की, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि त्यांवरून हा अमुक वाघ व हा तमुक हे निश्चित ओळखता येते. शिकाऱ्याच्या लेखी एक वाघ दुसऱ्यासारखाच. फरक असलाच तर नाकापासून शेपटीपर्यंतच्या लांबीचा, तोही मेल्यावर मोजावयाचा. या तारेने मात्र वाघाला जिवंतपणी ओळख दिली. बंदुकांचे परवाने कमी करावेत, राखीव जंगलात मोटारी येऊ देऊ नयेत, जनावरे मारल्याबद्दलची सरकारी बक्षिसे आखूड करावीत, या त्यांच्या सूचना याच दृष्टीतून आल्या. स्वतःच्याच खात्याविरुद्ध अशा सूचना लिहिण्यास काय लागते, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

त्यांच्या स्नेह्यांत जिम कॉर्बेट होते. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे १९४४ चे पुस्तक न वाचलेला मराठी सुशिक्षित विरळा. परंतु मोकामा घाटावर वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेचा माल चढवण्याउतरवण्याचे काम पाहणाऱ्या या माणसाने पुढे बंदुकीपेक्षा चलच्चित्राचा कॅमेरा अधिक हाताळला, हे फारसे कोणी ध्यानात ठेवत नाही. चॅम्पियन यांच्या चित्रांनी त्यांस हा छंद लावला. चलच्चित्राच्या कॅमेऱ्याची घरघर वाघाला ऐकू जाते, म्हणून कॉर्बेट यांनी एका ओढ्याचे पाणी वळवून, लहान लहान बांध घालून त्याची खळखळ वाढवली आणि त्या आवाजाच्या आडून एकाच जागी सात वाघांचे चित्रण केले. प्रांताचे गव्हर्नर राहिलेले सर माल्कम हेली यांच्या नावाने, १९३५ च्या प्रांतिक कायद्यान्वये, १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे या दोन मित्रांची कळकळ होती. उद्यानास आधी हेलींचे नाव होते, मग रामगंगेचे, आणि कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर कॉर्बेट यांचे. चॅम्पियन यांचे नाव कशासच मिळाले नाही. १९४७ मध्ये दोघेही हिंदुस्थान सोडून पूर्व आफ्रिकेत गेले. कॉर्बेट १९५५ मध्ये वारले, चॅम्पियन १९७० मध्ये.

यानंतर मध्ये जवळजवळ अर्धे शतक तारेची ती युक्ती बाजूला पडली. १९७२ मध्ये देशातले वाघ मोजले तेव्हा ते १८२७ भरले. ती मोजणी पावलांच्या ठशांवरून झाली होती. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि पुढे कित्येक वर्षे ठसे मोजून आकडे वर जात राहिले. २००४-०५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्कामध्ये पाहतात तो वाघ एकही शिल्लक नाही! कागदोपत्री ते सुखाने नांदत होते. फायलीत असलेली वस्तू जागेवर नसणे हा अनुभव कारकुनाला नवा नसतो, तरीही या प्रकरणाने सर्वांनाच हादरा दिला. तोवर कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात चॅम्पियन यांचाच धागा उचलला होता: आपोआप चालणारे कॅमेरे, पट्ट्यांवरून ओळख, आणि त्यावर संख्याशास्त्राचे गणित. सरिस्कानंतर देशभराची मोजणी याच मार्गाने होऊ लागली. २००६ चा आकडा १४११ असा खाली आला. तो वाईट होता, पण बराच खरा होता. २०१८ च्या मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, साडेतीन कोटींच्या जवळपास छायाचित्रे निघाली, त्यांत वाघांची ७६,६५१, आणि त्यांतून २४६१ वाघ पट्ट्यांवरून वेगवेगळे ओळखता आले. उरलेल्या कोट्यवधी चित्रांत हरणे, गुरे, गवत आणि लाकडे गोळा करणारी माणसे असणार. चुकार म्हैस अद्यापही तारेवर येतेच. २०२२ मध्ये एकूण अंदाज ३६८२ वर गेला.

मराठी वाचकाला रान कळले ते माडगूळकर व चितमपल्ली यांच्यामुळे. त्यांतले चितमपल्ली तर वनाधिकारीच. परंतु या तारेच्या गोष्टीतही आमच्या मुलखाचा वाटा आहे, आणि तो जंगलातला नसून शेतातला आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जेथे दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसे राहतात, तेथे उसाच्या व भाजीपाल्याच्या शेतांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे दर शंभर चौरस किलोमीटरांस पाचांच्या आसपास मोठे बिबटे तेथे वावरत होते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपकेही प्रत्येकाचे निराळे. मातोश्रींचे ‘रोजचाच हाय’ हे म्हणणे असे शास्त्राने सिद्ध झालेले आहे! विहिरीतून वर काढून, गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलात पोचला. त्याच्यावर चित्रपट निघाला तो पुष्कळांनी पाहिला असेल. नाव मिळाले म्हणून त्या बिबट्याची चौकशी झाली. पुढे घोडबंदरच्या रस्त्यावर वाहनाखाली तो मेला तेव्हाही तो कोण हे ओळखता आले.

आता एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, जी सांगताना आम्हांस संकोच होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये लखनौच्या आशियाना भागात एक बिबट्या शिरला. आशियाना आमच्या अमौसीच्या अगदी शेजारी. लोक भेदरलेले, जनावरही भेदरलेले. अखेरीस तो गोळीने मारला गेला. त्या प्रसंगी कोणी काय करावयास हवे होते याचा निवाडा आम्ही करीत नाही. दाराआड मुले घेऊन बसलेल्या माणसाची भीती आम्ही खुर्चीत बसून तोलू शकत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, त्या सायंकाळी मेलेल्या बिबट्याचे चित्र आमच्या मोबाईलवर आले, आणि आम्ही ते पाहून लगेच चार ठिकाणी पुढे पाठवले. एक प्रत कऱ्हाडलाही गेली. मातोश्रींनी त्यावर काहीच उत्तर दिले नव्हते, ते आम्हांस सहा वर्षांनी, चॅम्पियन यांचे पुस्तक वाचताना आठवले. त्या बिबट्याचे आमच्यापाशी तेवढे एकच चित्र होते, आणि ते जुन्या क्लबांच्या भिंतींवरचेच होते. फक्त मानेवर बूट नव्हता.

रहमानखेड्याने यापूर्वीही वाघ पाहिला होता. २०१२ च्या जानेवारीत असाच एक वाघ त्या बागांत येऊन राहिला, तेव्हा एकशे आठ दिवसांच्या खटपटीनंतर त्यास गुंगीचे औषध देऊन पकडले व दुधव्याच्या जंगलात सोडले. पिलीभीत व खेरीकडची जंगले आणि लखनौ यांच्यामध्ये नद्या, कालवे आणि ऊस यांची सलग सोबत आहे. गोमती तर उगमच पावते पिलीभीत जिल्ह्यात. उसात वाढलेल्या वाघाला ऊस आणि रान यांतला भेद आपण शिकवावयाचा कसा? मात्र सगळ्याच वाटसरूंची गत अशी चांगली झाली नाही. २००९ मध्ये एक वाघ थेट फैजाबादेपर्यंत गेला, त्याने माणसे मारली, आणि तो गोळीस बळी पडला.

२०२४ च्या पाहुण्यासाठी पिंजरे लावले, आमिषाला जनावरे बांधली, आकाशात ड्रोन फिरवले, झाडाझाडांवर कॅमेरे बांधले. दुधव्याहून हत्तिणीही आणल्या. शंभर वर्षांत यंत्रे किती बदलली, पण दाट गवतात वाघाजवळ जावयाचे तर हत्तीच्या पाठीला अद्याप पर्याय निघालेला नाही, हे वाचून चॅम्पियन यांस बरे वाटले असते. वाघ आमिषाच्या भोवती फिरे, पिंजऱ्याला वळसा घाली, आणि भलत्याच गावी रेडकू मारी. वीसांहून अधिक जनावरे त्याने मारली. माणूस मात्र एकही नाही. गावकऱ्यांनी तीन महिने शेतावर एकट्याने जाणे सोडले, गव्हाला रात्रीचे पाणी देणे सोडले, मुलांना शाळेत जथ्याने धाडले. ज्यांची म्हैस गेली त्यांच्यापुढे वाघाच्या देखणेपणाची स्तुती करण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते. आमच्या कचेरीतला एक शिपाई त्याच बाजूचा. रोज सकाळी आम्ही त्यास विचारीत असू. तो कंटाळून म्हणे, ‘‘बाबूजी, आज भी नहीं.’’

५ मार्च २०२५ च्या सायंकाळी वाघ गुंगीच्या औषधाच्या बाणाने निपचित झाला व पकडला गेला. त्या रात्री आम्ही कॅमेरा ट्रॅपमधले, गवतातून चालणारे ते चित्र कऱ्हाडला धाडले. या वेळी मातोश्रींचा दूरध्वनी लगेच आला. चित्रातला वाघ तोच ना, पकडला तो, असे त्यांनी दोनदा विचारले. तोच, असे आम्ही सांगितले. मग शेजारच्या बाया पाहावयास आल्या आहेत, चित्र मोठे कसे करावयाचे ते सांग, असे म्हणून त्यांनी यंत्र नातवाच्या हाती दिले.